अरांगचा अर्ज : एका श्राव्य मालिकेच्या कामाच्या नोंदी

९ जुलै २०२३

विषय पक्का झाला. तीन भागांची मराठी श्राव्य मालिका करायची, आणि तिन्ही भाग एकाच कोरियन मालिकेवर: ‘अरांग आणि दंडाधिकारी’. एमबीसी वाहिनीवर १५ ऑगस्ट ते १८ ऑक्टोबर २०१२ या काळात दर बुधवारी आणि गुरुवारी ती दाखवली गेली. एकूण २० भाग. लेखिका जंग युन-जंग, दिग्दर्शक किम सांग-हो. नायक ली जून-गी, जो त्याच वर्षी फेब्रुवारीत सक्तीची लष्करी सेवा संपवून परतला होता. नायिका शिन मिन-आ.

जुना काळ, अद्भुत आणि प्रेम यांची सांगड घालणाऱ्या कोरियन मालिका खूप आहेत. एकट्या २०१२ सालातल्याच मोजायला गेलं तर एका हाताची बोटं कमी पडतात. मग हीच का? कारण हिच्या मुळाशी एक खरं गाव आहे, त्या गावात नदीकाठी एका मुलीच्या नावाचं देऊळ आहे आणि त्या मुलीची लोककथा शतकानुशतकं सांगितली जाते आहे. मालिकेनं त्या कथेला हात लावला तो कुठे आणि कसा, हे बघण्यासारखं आहे. माझ्या मते तिथे फार मोठं काम झालंय आणि त्याबद्दल मराठीत कोणीतरी नीट बोललं पाहिजे.

कामाची वाटणी: संहिता माझ्याकडे. ध्वनिमुद्रण आणि कापाकापी मामेभावाकडे. आणि आत्या. आत्याची नोकरी तालुक्याच्या कोर्टात गेली, कारकून म्हणून लागली ती निवृत्तीपर्यंत. मी मालिकेची गोष्ट दोन वाक्यांत सांगितली, की एका मुलीचं भूत आपल्या खुनाची तक्रार घेऊन दर नव्या अधिकाऱ्याकडे जातं आणि अधिकारी घाबरून मरतात. आत्यानं विचारलं, “म्हणजे तिची तक्रार नोंदवूनच घेतली नाही कुणी?” त्याच क्षणी तिला या कामात ओढली.

१६ जुलै

पहिले दोन भाग तिघांनी एकत्र पाहिले. मी वहीत प्रसंगवार टिपणं काढते आहे: कोण, कुठे, काय मागतं आणि काय मिळतं.

किम उन-ओ हा एका बड्या सरदाराचा मुलगा, पण आई गुलाम वर्गातली. त्याला भुतं दिसतात. दिसतात, आणि तो न दिसल्यासारखं करतो. ज्याला आपण दिसतो तो भेटला की भुतं त्याच्यामागे लागतात: माझं हे काम कर, माझ्या घरी निरोप दे. एकाचं ऐकलं की रांग लागते. म्हणून तो कान आणि डोळे मिटून जगतो आणि फक्त आपली हरवलेली आई शोधतो. ती तीन वर्षांपूर्वी नाहीशी झाली. शोधत शोधत तो मिऱ्यांग या गावी येतो.

नायकाचं हे कोडगेपण मला फार महत्त्वाचं वाटतं. लोककथेतला अधिकारी धीट असतो. उन-ओ धीट नाही, तो सरावलेला आहे. भीती नसणं ही त्याची मोठी गोष्ट नाहीच. ऐकून घ्यायला तयार होणं ही आहे, आणि तिथवर यायला मालिका त्याला वेळ देते.

अरांग गेली तीन वर्षं भूत आहे. आपण कोण, मेलो कसे, तिला काही आठवत नाही. यमदूत मागावर आहे, त्याला ती हुलकावणी देते. आणि तिला भूक लागते! कुणी रानात, शेतात जेवायला बसण्याआधी पहिला घास बाजूला टाकतं त्यावर गावातली सगळी बेवारस भुतं झडप घालतात, आणि त्यात अरांगही असते. कोपरं मारून, केस विस्कटून, दोन घासांसाठी. कोरियन पडद्यावरचं कुमारिकेचं भूत म्हणजे पांढरे कपडे, मोकळे केस आणि गारठवणारी शांतता. ते भूत इथे घासासाठी मारामारी करतंय. आत्या म्हणाली, “जेवलेली दिसत नाही गं बिचारी.” वहीत मी हे वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलंय. पहिल्या भागाची सुरुवात भुकेपासूनच करायची.

बांग-उल ही गावातली मांत्रिक बाई. ह्वांग बो-रानं ती अशी केलीय की तिच्या प्रत्येक प्रसंगाची वाट बघावी. तिला भुताचा आवाज ऐकू येतो, भूत दिसत नाही. अरांग तिच्या उजवीकडे उभी राहून बोलते आणि बांग-उल डावीकडे बघून हात जोडते. अरांग तिच्याकडून काय मागते? अंघोळ आणि चांगले कपडे. का, तर नवा अधिकारी यायचाय आणि त्याच्यासमोर नीट दिसायला हवं. आधीचे अधिकारी तिला बघून गतप्राण झाले, तेव्हा या वेळी तरी अवतार बरा असावा, एवढंच तिचं म्हणणं. आत्यानं इथे मालिका थांबवायला लावली. कोर्टात तारखेला येणाऱ्या बायका आठवल्या तिला, ठेवणीतलं लुगडं नेसून यायच्या, असं म्हणाली. बराच वेळ त्यावरच बोलत होतो.

१ ऑगस्ट

आज अधिक श्रावणातली पौर्णिमा. मुद्दाम आजच पुढचे भाग लावले, कारण मालिकेतलं सगळं अघोरी याच तिथीला घडतं: अधिक महिन्यातल्या पौर्णिमेला एका निष्पाप मुलीचा जीव गावातल्या मातब्बर सरदार चोईच्या वाड्यात, खलनायिका मू-यॉनकडे, पोचवावा लागतो.

आपल्याकडे अधिक मास येतो तसाच कोरियातही. हिशेबाचं तत्त्व एकच: चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून १९ वर्षांत ७ महिने जास्तीचे घालायचे. पण आपण संक्रांती ताऱ्यांच्या संदर्भानं मोजतो आणि चिनी-कोरियन पद्धत संपातबिंदूपासून, त्यामुळे महिना सहसा वेगळा पडतो. यंदा त्यांचा अधिक महिना मार्च-एप्रिलमध्येच होऊन गेला. २०१२ मध्येही तो एप्रिल-मेमध्ये होता. आपला अधिक भाद्रपद मात्र १८ ऑगस्टला लागला, म्हणजे ही मालिका सुरू झाल्यावर तीन दिवसांनी.

आपण अधिकात लग्न-मुंजी करत नाही, पण जावयाला धोंड्याचं वाण देतो, अनारसे करतो, दानधर्म करतो. कोरियात समज असा की या जास्तीच्या महिन्यावर देवदेवतांची नजर नसते. म्हणून एरवी ज्या कामांनी कोप होईल अशी भीती वाटते, ती कामं तेव्हा उरकतात: थडगं हलवणं, म्हाताऱ्यांसाठी कफनाचे कपडे आधीच शिवून ठेवणं. लेखिकेनं या समजुतीतून खलनायिकेची तिथी काढली. वर कुणाचं लक्ष नाही तो महिना. गुन्हा करायला यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला?

आणि हिशेबही बसतो. अधिक महिने सरासरी ३२-३३ महिन्यांनी येतात. अरांगला मरून तीन वर्षं झालीत. म्हणजे पुढचा बळी घेण्याची वेळ आता आली आहे. संहितेत हे गणित सोपं करून घालायचं, मराठी ऐकणाऱ्याला ते पटकन कळेल.

१२ ऑगस्ट

आजचा दिवस लोककथेला दिला.

मिऱ्यांग हे दक्षिण ग्यॉंगसांग प्रांतातलं शहर. नदीच्या वरच्या कड्यावर यॉंगनामनु हा मोठा लाकडी मंडप आहे. जिंजूचा चोकसॉंगनु आणि प्यॉंगयांगचा बुब्यॉंगनु यांच्याबरोबर देशातल्या तीन नामवंत मंडपांत तो गणला जातो. आजची वास्तू १८४४ सालची. त्याच्या खाली, बांबूच्या बनाकडे, अरांगचं छोटं देऊळ आहे.

कथा अनेक पाठांत सांगतात. प्रचलित पाठ असा: राजा म्यॉंगजोंगच्या काळात (१५४५ ते १५६७) मिऱ्यांगच्या अधिकाऱ्याला एक देखणी मुलगी होती. कचेरीतल्या एका हलक्या नोकराची तिच्यावर नजर. त्यानं तिच्या दाईला फितवलं. दाई तिला चांदणं बघायला म्हणून रात्री मंडपावर घेऊन गेली आणि तिथून सटकली. त्यानं हात धरला, तिनं झिडकारलं, त्यानं भोसकलं आणि प्रेत बांबूच्या बनात टाकलं. बाप समजला, पोरगी कुणाबरोबर तरी पळून गेली. शरमेनं गाव सोडून गेला. त्यानंतर येणारा प्रत्येक नवा अधिकारी पहिल्याच रात्री मरू लागला. शेवटी एक जण धीर करून आला, भुताचं सगळं ऐकून घेतलं. ती म्हणाली, उद्या सगळ्या नोकरांना अंगणात उभं करा, मी फुलपाखरू होऊन गुन्हेगाराच्या डोक्यावर बसेन. तसंच झालं. गुन्हेगाराला देहदंड झाला, प्रेत सापडलं, देऊळ बांधलं गेलं.

लोककथेतल्या अरांगला सगळं ठाऊक आहे. नाव, गुन्हेगार, जागा. तिला हवाय फक्त ऐकणारा. आणि देऊळ बांधलं ते तिच्या शीलाच्या रक्षणाचं स्मारक म्हणून.

मालिकेनं तिची आठवणच काढून घेतली. त्यामुळे सांगायला तिच्याकडे काही नाही, ती फक्त विचारू शकते. फुलपाखरू होऊन बोट दाखवणं गेलं. तिला स्वतः पायपीट करून, माणसांना भेटून, पुरावे जोडून शोधावं लागतं. साक्षीदार होती ती तपास करणारी झाली. मला या मालिकेबद्दल जे म्हणायचंय ते हेच, आणि तिन्ही भाग याच कण्यावर उभे राहतील.

२० ऑगस्ट

मुद्रणाची चाचणी. मामेभावानं पंखा बंद करून, गादी भिंतीला टेकवून जागा तयार केली. मालिकेतलं संगीत वापरायचं नाही, ते दुसऱ्याच्या हक्काचं आहे. आमच्या भागाला साधी टाळ्यांची लय आणि पावसाचा आवाज, बस्स.

३ सप्टेंबर

आत्याची आवडती जागा: कचेरी. मालिकेत गाव खऱ्या अर्थानं चालवतात ते तीन कारकून. अधिकारी मरतात, बदलतात. हे तिघं तिथेच. नवा अधिकारी कुणी यायला तयार नाही म्हणून हे तिघं वाटेवरच्या उन-ओलाच उचलून आणून खुर्चीवर बसवतात. एक रात्र काढली तर काढली, नाहीतर कागदोपत्री जागा तरी भरली.

हे वाटतं तितकं हवेतलं नाही. जोसॉन राजघराण्याच्या काळात (१३९२ ते १९१०) जिल्ह्याचा अधिकारी राजधानीतून नेमला जाई, त्याला स्वतःच्या मुलखात नेमणूक देत नसत आणि मुदत सर्वसाधारणपणे १८०० दिवसांची, तीही बऱ्याचदा पूर्ण व्हायच्या आधीच बदली. कारकून मात्र पिढीजात, त्याच गावचे. राजधानीतल्या सहा खात्यांच्या धर्तीवर त्यांचे सहा विभाग: नेमणुका, महसूल, विधी-समारंभ, लष्कर, फौजदारी आणि बांधकाम. त्यांना नियमित पगार नसे, त्यामुळे गावातूनच मिळकत काढणं आलं. अधिकाऱ्याला गावाची माहिती द्यायची ती यांनीच. आत्या म्हणाली, “साहेब येतात-जातात, दप्तर आपल्या हातात असतं.” ती हे अभिमानानं म्हणाली. आणि मग जरा थांबून: “म्हणून तर जबाबदारी आपली.”

लोककथेत खुनी होता कचेरीतला एक हलका नोकर आणि त्याला साथ देणारी दाई. म्हणजे दोष खालच्या माणसांवर. मालिकेत तो गावातल्या सगळ्यात मातब्बर वाड्याकडे सरकतो, ज्याच्यापुढे कचेरी माना डोलावते त्या सरदार चोईकडे. हे तीन कारकून भित्रे आहेत, लोभी आहेत, पण खुनी नाहीत. लेखिकेनं जुन्या कथेच्या बाबतीत केलेला हा न्याय फार कमी जणांच्या लक्षात येतो.

उन-ओचीही जागा नीट समजून घ्यायला हवी. बाप सरदार असला तरी आई गुलाम, म्हणून तो अनौरस मुलांमध्येही खालच्या पायरीवरचा. अशा मुलांना मुलकी परीक्षेचा मुख्य रस्ता बंद होता. ज्याला सरळ मार्गानं ही खुर्ची कधीच मिळाली नसती, त्याला ती मिळते कारण तिच्यावर मरण ठेवलंय.

१० सप्टेंबर

अरांगचं प्रेत सापडतं तो भाग. तीन वर्षांनंतरही न कुजलेलं. उन-ओ तिला बघू देत नाही, ती बघतेच. शिन मिन-आचा अभिनय इथे पाहण्यासारखा आहे. आतापर्यंत तोंडाळ, खोडकर असणारी ही मुलगी एकदम गप्प होते. समोर पडलेली ती स्वतः आहे आणि तिला कुणी नीट झोपवलेलंही नाही.

याच्या जोडीला मी जोसॉनमधल्या मृत्यूच्या चौकशीची माहिती काढली. राजा सेजोंगच्या काळात, १४३८ साली, प्रेताच्या तपासणीची एक चिनी पोथी टीपा घालून तयार केली गेली. संशयास्पद मृत्यूत अधिकाऱ्यानं स्वतः जागेवर जायचं, अंगावरच्या खुणा क्रमानं नोंदवायच्या. विषाची शंका असली की चांदीची पिन वापरायची. पहिली तपासणी त्या हद्दीच्या अधिकाऱ्याची, दुसरी शेजारच्या हद्दीच्या अधिकाऱ्याची, तीही पहिल्याचा निष्कर्ष न बघता. गाऱ्हाणं घेऊन वर जाण्याचे मार्गही होते. राजधानीत तक्रारीचा नगारा पंधराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बसवला गेला. बायका आणि गुलामसुद्धा स्वतःच्या नावानं अर्ज करू शकत.

भूत अधिकाऱ्याकडेच का जातं, याचं उत्तर इथे आहे. खुनाची तक्रार घेऊन ते भटजीकडे किंवा मांत्रिकाकडे जात नाही. जिल्ह्याचा अधिकारी म्हणजे एकाच माणसात करवसुली, कारभार आणि न्याय. मेलेल्या मुलीनं कुठे दाद मागायची, तर जिवंतपणी मागितली असती तिथेच.

आत्या दिवसभर काही बोलली नाही. संध्याकाळी तिनं फुलस्केपवर स्वच्छ अक्षरात एक अर्ज लिहून आणून दिला. दुसऱ्या भागाची सुरुवात याच्याच वाचनानं होणार, याबद्दल दुमत नाही:

“अर्जदार: नाव आठवत नाही. गावात अरांग म्हणतात. वय: मरणसमयी लग्नाचे. राहणार: मिऱ्यांग, पक्का ठिकाणा नाही. धंदा: नाही. सामनेवाले: माहीत नाहीत. अर्जाचे कारण घडले: तीन वर्षांपूर्वी, अधिक महिन्यात, पौर्णिमेच्या रात्री. अर्जदार हिने यापूर्वीच्या अधिकाऱ्यांसमक्ष हजर राहून गाऱ्हाणे मांडण्याचा प्रयत्न केला, परंतु ते ऐकून घेण्याइतका वेळ कोणीही जिवंत राहिले नाही. तरी विनंती की, मला कोणी मारले याचा तपास व्हावा, आणि माझे नाव मला कळावे.”

२३ सप्टेंबर

घरी गणपती. काम बंद.

३० सप्टेंबर

काल कोरियात छुसॉक होता, आठव्या चांद्र महिन्यातली पौर्णिमा. सकाळी पूर्वजांसाठी पान मांडतात: नव्या तांदळाचं अन्न, फळं, चंद्रकोरीच्या आकाराच्या उकडलेल्या तांदळाच्या करंज्या. आणि आपल्याकडे आजपासून पितृपक्ष. दोन्हीकडे एकाच चंद्राखाली मेलेल्यांना जेवू घालणं चाललंय.

पानावर पीच हे फळ ठेवत नाहीत. पीचचं झाड आणि फळ भुतांना पळवून लावतं असा समज. मग ज्यांना बोलावलंय तेच दारातून परत जायचे. मालिकेतही पीच भुतांविरुद्ध वापरलं जातं.

अरांगच्या भुकेचं मूळ मला आज लख्ख दिसलं. जोसॉनच्या कन्फ्यूशियन रिवाजात पूर्वजांचं पान मांडतो तो वंशज. लग्नाआधी मेलेली मुलगी कुणाचीच पूर्वज होत नाही. सासर नाही, मूल नाही, माहेरच्या वंशावळीत तिला जागा नाही. तिच्या नावानं पान वाढणारं कुणीच नसतं. कुमारिकेचं भूत सगळ्यात भयंकर मानलं गेलं त्याच्यामागे ही उपासमार आहे. त्यावर उपाय म्हणून मेलेल्या अविवाहितांची लग्नं लावण्याची चालही तिथे होती. कुणाचीतरी बायको करून टाकली की तिचं जेवणाचं ठिकाण ठरलं.

आपल्याकडेही ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी सर्वपित्रीला पाणी सोडतात. आत्यानं ते आवर्जून सांगितलं. तिची स्वतःची एक बहीण लहानपणीच गेली, तिचं नाव घरात घेतलं जात नसे. यंदा सर्वपित्रीला, १४ ऑक्टोबरला, तिच्या नावानं एक पान वाढायचं असं तिनं ठरवलंय. हे आपल्या श्राव्य मालिकेत घालायचं नाही, असं तिनं सांगितलं. या नोंदीत राहू दे म्हणाली.

उन-ओ आणि अरांगचं प्रेम मला पटतं ते यामुळेच. तो तिला आधी जेवू घालतो, कपडे घेऊन देतो, तिचं नाव शोधून आणतो. प्रेमाचा शब्द नंतर, खूप नंतर. दुसऱ्या कुठल्याही मालिकेत जे प्रसंग भरतीचे म्हणून सरसर जातात, तेच इथे प्रेमप्रकरण आहेत.

१५ ऑक्टोबर

वरचं जग. ताओ परंपरेतला स्वर्गाचा राजा जेड सम्राट (यू सुंग-हो, तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा) आणि पाताळाचा राजा यॉमरा (पाक जून-ग्यू) पट मांडून बादुक (काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा ‘गो’ हा खेळ) खेळत बसतात. हा यॉमरा म्हणजे आपला यमराज. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे गेला, तिथे पाताळाच्या दहा राजांपैकी पाचवा झाला. प्रत्येक राजाचं न्यायालय वेगळं. यॉमराच्या दरबारात कर्मांचा आरसा असतो, त्यात उभं केलं की केलेलं सगळं दिसतं. कोरियातल्या अनेक बौद्ध मठांत या दहा राजांचं स्वतंत्र दालन असतं.

अरांग थेट वर जाऊन जेड सम्राटाशी भांडते: मी कशी मेले ते मला सांगा. तो सांगत नाही. तिला देह देऊन परत पाठवतो. तिसऱ्या पौर्णिमेपर्यंत तिनं आपल्या मरणाचं खरं कारण शोधायचं. सापडलं तर स्वर्ग, नाही तर नरक. त्या देहाला मरण नाही, जखमा भरून येतात. नेमका तोच देह खलनायिकेला हवासा वाटतो.

ज्याच्याकडे सगळी नोंद आहे तो ती उघडत नाही आणि जिच्याकडे काही नाही तिला शोधायला लावतो! आत्याला हे अजिबात मान्य नाही. दप्तर उपलब्ध असताना पक्षकाराला नक्कल न देणं तिच्या मते गैर आहे. मला स्वतःला वाटतं, लेखिकेलाही ते मान्य नसावं. दोन्ही देवांचा थंडपणा ती लपवत नाही. हा वाद आम्ही तसाच ध्वनिमुद्रित केला. तिसऱ्या भागात जाईल.

स्वर्गाची दृश्यं दिसायला कमजोर आहेत, हे सांगितलं पाहिजे. संगणकावरची फुलबाग आज बघवत नाही. यमदूत मू-यॉंगची काळी टोपी आणि काळा झगा मात्र अजूनही दरारा निर्माण करतो.

५ नोव्हेंबर

मधले भाग. गती मंदावते, हे खरं. स्वर्गातून पतन झालेली मू-यॉन, तिनं व्यापलेला उन-ओच्या आईचा देह, यमदूत मू-यॉंगशी तिचं पूर्वजन्मीचं भावंडांचं नातं: एवढं सगळं उलगडताना अरांगचा तपास अनेकदा बाजूला पडतो. ऐकणाऱ्यांना आम्ही नात्यांचा तक्ता तोंडी सांगणार नाही, गोंधळ वाढेल. फक्त तीन माणसं घ्यायची: अरांग, उन-ओ, जू-वल.

जू-वल (यॉन वू-जिन) हा सरदार चोईचा दत्तक मुलगा. मुळात रस्त्यावरचा उपाशी पोर. त्याला अन्न, वस्त्र, घराणं मिळालं ते एका अटीवर: ठरलेल्या पौर्णिमेला मुलगी आणून द्यायची. पुन्हा भूकच! अरांग मेल्यावर उपाशी आहे, जू-वल जिवंतपणी होता. एक घासासाठी मारामारी करते, दुसऱ्यानं घासासाठी माणसं दिली. हा समांतर धागा लेखिकेनं कुठेही बोलून दाखवलेला नाही, पण तो आहे, आणि यॉन वू-जिनच्या डोळ्यांत सतत आहे.

अरांगचं जिवंतपणीचं नाव ली सो-रिम. अधिकाऱ्याची मुलगी, जू-वलची वाग्दत्त वधू. गावातले सगळे सांगतात की ती शांत होती, पुस्तकांत रमणारी, घराबाहेर पाऊल न टाकणारी. अरांग ऐकते आणि तिला ती मुलगी ओळखीची वाटत नाही. मेल्यानंतर तिला भूक, राग, बोलणं, भटकणं मिळालं. जिवंत असताना यातलं काहीच नव्हतं. यावर मालिका फार वेळ थांबत नाही. आम्ही थांबणार आहोत.

२६ नोव्हेंबर

शेवट सांगायचा की नाही? बराच खल झाला. तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला स्पष्ट इशारा देऊन सांगायचा, असं ठरलं. कारण खुनाचं उत्तर सांगितल्याशिवाय लोककथेशी तुलना पूर्ण होत नाही.

उत्तर असं: सो-रिम त्या रात्री जू-वलच्या मागोमाग गेली. सूडानं पेटलेली उन-ओची आई जू-वलवर सुरा उगारते आणि सो-रिम मध्ये येते. लोककथेतली अरांग हात झिडकारताना मेली. ही आपण होऊन पुढे झाली. मला हा बदल अर्धाच पटतो. लोककथेनं तिला शीलाची मूर्ती केलं होतं, ते मालिकेनं टाळलं, हे फार चांगलं. पण त्यागाची मूर्ती केलं, तेही ज्याची तिच्याकडे पाहायची तयारी नव्हती अशा पुरुषासाठी. ज्या अरांगनं २० भाग स्वतःसाठी मागितलं, जेवण मागितलं, उत्तर मागितलं, तिच्या मरणाला एखादं वेगळं कारण शोभलं असतं. आत्याचं मत उलट आहे: “ती त्याच्यासाठी मध्ये नाही पडली. समोर सुरा दिसला, पडली. माणूस पडतं.” दोन्ही मतं ठेवली.

शेवटी अरांग आणि उन-ओ मिऱ्यांगमध्येच पुन्हा जन्म घेतात, लहान मुलं म्हणून. या वेळी आठवण तिच्याकडे आहे आणि त्याला काही आठवत नाही. उन-ओचा नोकर दोल-स्वे मिऱ्यांगचा अधिकारी झालेला असतो. नोकराला ती खुर्ची! आत्यानं टाळ्या वाजवल्या.

१४ जानेवारी २०२४

डिसेंबरअखेर कोरियातून बातमी आली: यॉंगनामनु मंडपाला राष्ट्रीय ठेव्याचा सर्वोच्च दर्जा परत मिळाला. १९५५ मध्ये तो मिळाला होता, १९६३ च्या फेरवर्गवारीत एक पायरी खाली आला. आता साठ वर्षांनी पुन्हा वर. सामछॉकचा जुकसोरु मंडपही त्याच वेळी या यादीत गेला. पहिल्या भागाच्या संहितेत हा मजकूर घातला आणि तेवढा परिच्छेद पुन्हा मुद्रित केला.

बाकी स्थिती: पहिला भाग तयार. दुसऱ्यात अर्जाचं वाचन आत्यानंच केलंय, कोर्टात पुकारा करतात त्या सुरात, एकाही शब्दावर जोर न देता. मामेभावानं मागे पावसाचा आवाज लावला होता, तो आत्यानं काढायला लावला. अर्ज वाचताना पाऊस नको, म्हणाली, नीट ऐकू आला पाहिजे. तिसऱ्या भागात देवांच्या दप्तराचा वाद अजून लांबतोय, तो पुढच्या रविवारी कापायचा. जू-वलच्या भुकेचा परिच्छेद मात्र तसाच ठेवायचा आहे.